इनकमिंगचे पैसे कोण देणार? ठाणे, डोंबिवली आणि फोनच्या मीटरची गोष्ट

(हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेली वाक्यं सावरली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज आधी एक हिशोब करू.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या रिचार्जमध्ये रोजचा २ जीबी डेटा असेल. संध्याकाळी डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या रील्स बघत तो संपतो, आणि संपला की आपण वैतागतो. आता हाच २ जीबी २००० साली घरच्या टेलिफोन लाइनवरून उतरवायचा म्हटलं तर? मॉडेमचा वेग सेकंदाला ४ किलोबाइट धरा. त्या काळी एवढा मिळाला तर लोक खूश असायचे. या वेगाने साधारण १४५ तास लागतील. म्हणजे सहा दिवस आणि सहा रात्री, न थांबता.

आता बिल. लोकल फोनला तीन मिनिटांचा एक कॉल मोजला जायचा. तासाला २० कॉल, १४५ तासांचे २,९०० कॉल. कॉलला सरासरी एक रुपया धरला तरी २,९०० रुपये, तेही फक्त फोनचे. इंटरनेट कंपनीचे वेगळे. आणि या सहा दिवसांत तुमच्या घरी कोणी फोन लावला तर त्याला ऐकू येणार एंगेज टोन.

तेव्हा इंटरनेट घरोघरी का पोचलं नाही, असं विचारलं की सगळे म्हणतात, "महाग होतं ना." खरं आहे. पण मोबाइलही महागच होता. तरी तो पोचला, आणि घरचं इंटरनेट रेंगाळलं. असं का? मला वाटतं दर किती होता यापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. मीटर काय मोजत होतं? आणि पैसे कोणाच्या खिशातून जात होते? आजचा भाग या दोन प्रश्नांवर आहे, आणि तो आपल्या सेंट्रल लाइनवरच घडतो.

दिव्याच्या पुढची रेघ

ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. स्लो लोकलने जाणाऱ्यांना ही नावं पाठ असतात. रेल्वे ठाण्याला १८५३ साली आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. टेलिफोनने मात्र या दोन गावांच्या मधे एक रेघ ओढली.

१ एप्रिल १९८६ ला दिल्ली आणि मुंबईच्या टेलिफोनसाठी महानगर टेलिफोन निगम, म्हणजे एमटीएनएल, सुरू झालं. त्याच्या मुंबईच्या हद्दीत नवी मुंबई आणि ठाणे महापालिकेचा भाग आला. ठाणे महापालिका दिव्यापर्यंत. त्याच्या पुढे कोपर, डोंबिवली, कल्याण हे सगळं केंद्राच्या दूरसंचार खात्याकडे राहिलं, आणि ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएलकडे. ठाण्याचा कोड मुंबईचाच, ०२२. कल्याण-डोंबिवलीचा ०२५१.

माझं लहानपण डोंबिवली पूर्वेला गेलं आणि मामा ठाण्याला नौपाड्यात. रेल्वेने अर्ध्या तासाचं अंतर. पण फोनच्या भाषेत मामा 'बाहेरचा'. पुढे काही वर्षं शून्याऐवजी ९५ लावून जवळच्या परिसरात फोन करायची सोय आली. डोंबिवलीहून मुंबई-ठाण्याला ९५२२, तिकडून आमच्याकडे ९५२५१. डोंबिवलीतल्या दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या जुन्या कार्डांवर हा ९५२५१ अजून सापडतो. रोज सकाळी ज्या शहरात नोकरीला जायचं, त्याच शहराला घरून फोन लावताना वेगळा कोड. आमच्या गावाची ही गंमत होती.

त्यातही फोन घरात असला तर. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. 'ओवायटी' म्हणजे स्वतःचा टेलिफोन घ्या अशी योजना होती, त्यात मोठी अनामत भरली की रांगेत पुढे सरकता यायचं. ज्यांच्याकडे फोन नाही, ते शाळेच्या फॉर्मवर शेजारच्यांचा नंबर लिहायचे आणि पुढे कंसात 'पीपी'. शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, "अहो, तुमचा फोन आलाय, धरून ठेवलंय!" आपण धावत जाणार, आणि आपलं बोलणं काकूंचं सगळं घर ऐकणार.

इथे एक लक्षात घ्या. घरच्या फोनवर येणारा कॉल फुकट होता. पैसे लावणारा देई. म्हणून तर काकू दहा बिऱ्हाडांचे फोन घेऊ शकत होत्या. लावायचे म्हटले असते, तर शेजारधर्म एवढा ताणला गेला नसता.

कुलूप, डायरी आणि रात्रीचा पाव दर

फोन लावण्यावर मात्र घरोघरी पहारा होता. जुन्या गोल डायलच्या फोनला छोटं कुलूप लावायचे, हे तुम्ही जुन्या सिनेमात पाहिलं असेल. बटणांचे फोन आले तसा एसटीडी बंद ठेवायचा गुप्त नंबर आला. तो फक्त बाबांना माहीत. शेजारी वही, आणि कोणी कुठे फोन लावला त्याची नोंद. एमटीएनएल असो की खातं, बिल दोन महिन्यांचं एकदम यायचं. ते आलं की घरात छोटी चौकशी समिती बसायची.

हे असं का होतं? कारण सरकारने दर मुद्दाम तसे ठेवले होते. भाडं आणि लोकल कॉल स्वस्त, एसटीडी आणि आयएसडी भयंकर महाग. लांब बोलणारा व्यापारी जवळ बोलणाऱ्या सामान्य माणसाचा खर्च उचलेल, असा विचार. त्यात एसटीडीचा दर घड्याळाप्रमाणे बदलायचा आणि रात्री उशिरा तो दिवसाच्या पाव व्हायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ गल्लोगल्ली उघडले, आणि रात्री पाव दर लागला की काचेच्या केबिनबाहेर रांग लागायची. मुलगी नागपूरला दिलेली, मुलगा बंगळुरूला नोकरीला. पोटचं पोर कसं आहे हे विचारायची वेळ टेलिफोन खात्याच्या दरपत्रकाने ठरवून दिलेली होती. समोर लाल आकडे पळतायत, आणि आई म्हणतेय, "बरं, ठेवते आता, पत्रात लिहिते."

जगात दोन तऱ्हा, आपल्याकडे दोन्हींचा तोटा

आता थोडं बाहेर जाऊ, म्हणजे आपलं काय झालं ते कळेल.

अमेरिकेत बहुतेक घरांत लोकल फोन मोजलाच जात नव्हता. महिन्याचं ठराविक भाडं, मग कितीही बोला. त्यामुळे तिथे इंटरनेट आलं तेव्हा मॉडेम दिवसभर चालू ठेवला तरी फोनचं बिल तेवढंच. डिसेंबर १९९६ मध्ये एओएल या कंपनीने महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये हवं तेवढं इंटरनेट देऊ केलं, तर एवढी गर्दी झाली की लोकांना लाइनच मिळेना. पण त्याच अमेरिकेत मोबाइलवर आलेल्या कॉलचे पैसे घेणाऱ्याला द्यावे लागत. म्हणून लोक मोबाइल बंद ठेवायचे, नंबर कोणाला द्यायचे नाहीत.

युरोपात बरोबर उलटं. तिथे घरचा लोकल फोन मिनिटांवर मोजला जाई, त्यामुळे इंटरनेट सावकाश पसरलं. १९९८ मध्ये स्पेन आणि जर्मनीत तर लोकांनी टेलिफोन दरांच्या निषेधात एक दिवस इंटरनेट न वापरण्याचा संप केला! पण मोबाइलवर येणारा कॉल फुकट, पैसे लावणाऱ्याचे. परिणाम? शाळकरी पोरांच्या खिशातही मोबाइल.

म्हणजे अमेरिकेने एक दार उघडं ठेवलं, युरोपने दुसरं. आणि आपण? घरच्या फोनला तीन मिनिटांचं मीटर, म्हणून इंटरनेट महाग. मोबाइलवर इनकमिंगला पैसे, म्हणून मोबाइलही महाग. दोन्ही दारं बंद.

इंटरनेट फुकट, फोनचं बिल चालू

आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू केलं. चित्रं दिसणारं खातं वर्षाला सुमारे १५,००० रुपयांना. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं खातं होतं, त्यात फक्त अक्षरं दिसायची. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि दर कोसळले. तासांची पॅकेटं आली, मासिकांबरोबर सीडी फुकट यायला लागल्या, पुढे काहींनी इंटरनेटच फुकट देऊ केलं.

तरी घरं ऑनलाइन झाली नाहीत. कारण कंपनीने आपला दर शून्यावर आणला तरी १७२ ने सुरू होणारा तो नंबर लागला की टेलिफोनचं मीटर सुरू. पाच एमबीचं एक गाणं उतरवायला वीस मिनिटं, म्हणजे सात-आठ कॉल. मधेच कोणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की लाइन तुटली, पुन्हा पहिल्यापासून. स्वस्ताई एका दुकानात झाली, आणि रस्ता होता दुसऱ्याच्या टोलनाक्यावरून.

म्हणून इंटरनेट घरात न येता सायबर कॅफेत गेलं. फडके रोडच्या आसपास, गोखले रोडला, कल्याणला शिवाजी चौकाजवळ, प्लायवुडच्या खोक्यांमध्ये कॉम्प्युटर. दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन लागला की तिथे स्टेशनसारखी गर्दी. कॅफे तासावर पैसे घ्यायचा, पण किती ते आत शिरतानाच माहीत असायचं. घरचं बिल दोन महिन्यांनी अंगावर यायचं. मध्यमवर्गीय घराला खर्चापेक्षा न कळणाऱ्या खर्चाची भीती जास्त असते. आणि कॅफेत कोण जात होतं? बहुतेक मुलगे. आठ वाजता घरात यायला हवं, असा नियम असलेल्या मुलींच्या वाट्याला इंटरनेटही तेवढंच कमी आलं.

मोबाइल: खिशातला पेजर

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल कलकत्त्याहून दिल्लीला झाला. मुंबईत दोन कंपन्यांना परवाने होते. मॅक्स टच, जी पुढे ऑरेंज आणि मग हच झाली, आणि बीपीएल. पहिलीचे नंबर ९८२० ने, दुसरीचे ९८२१ ने सुरू व्हायचे.

आता गंमत बघा. मोबाइलसाठी मुंबईची हद्द आखताना सरकारने मुंबई आणि नवी मुंबईबरोबर कल्याणचा टेलिफोन परिसरही त्यात घेतला. म्हणजे लँडलाइनच्या हिशेबात परकी असलेली डोंबिवली मोबाइलच्या हिशेबात थेट मुंबई झाली! दिव्याच्या पुढची रेघ एका फटक्यात पुसली गेली.

पण दर? गर्दीच्या वेळेला मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत. आणि इनकमिंगलाही पैसे. त्यामुळे ज्यांच्याकडे मोबाइल होता, ते त्याचा पेजर करायचे. घंटा वाजली, नंबर बघितला, कट केला, आणि प्लॅटफॉर्मवरच्या पीसीओवरून एक रुपयाचं नाणं टाकून उलटा फोन. हजारोंचं यंत्र खिशात, बोलणं नाण्याच्या डब्यातून.

हे बदलायचा प्रयत्न दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, यांनी १९९९ मध्येच केला होता. कॉल लावणाऱ्याने पैसे द्यावेत, असा नियम आणला. पण मोबाइलवाल्यांचा खर्च लँडलाइनवाल्यांनी का उचलायचा, असा वाद उभा राहिला. जानेवारी २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, आणि आपली तीन वर्षं गेली.

१ मे २००३

डिसेंबर २००२ च्या शेवटी, धीरूभाई अंबानींच्या जयंतीला, रिलायन्स इन्फोकॉम सुरू झाली. जाहिरात मिनिटाला ४० पैशांची, पोस्टकार्डापेक्षा स्वस्त बोलण्याची. तिचं मुख्य केंद्र आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कोपरखैरण्याला. पुढच्या पावसाळ्यात तर ५०१ रुपये भरा आणि हँडसेट घेऊन जा, अशी योजना आली. कागदोपत्री हा मर्यादित फिरता फोन होता, परवान्याप्रमाणे तो आपल्या टेलिफोन परिसरातच चालायला हवा होता. यावरून जुन्या कंपन्यांनी भांडण केलं, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारने एकत्रित परवाना आणून ते मिटवलं.

पण माझ्या मते खरी तारीख १ मे २००३. महाराष्ट्र दिन. त्या दिवसापासून देशभर 'लावणाऱ्याने पैसे द्यायचे' ही पद्धत लागू झाली. इनकमिंग फुकट!

आता आकडे ऐका. मार्च २००२ मध्ये देशात मोबाइलधारक साधारण ६५ लाख होते. मार्च २००४ मध्ये सव्वातीन कोटींच्या वर. ऑक्टोबर २००४ मध्ये मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली. नवी कंपनी आणि स्पर्धा ही कारणं होतीच. पण विचार करा, इनकमिंग फुकट झाल्यावर पहिल्यांदा फोन कोणाला परवडला? ज्याला कॉल लावायचे नाहीत, यायला हवेत त्याला. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रिक्षावाला, पोळ्या लाटणाऱ्या ताई, नाक्यावर काम शोधणारा माणूस. त्यांना फोन म्हणजे रोजगाराची घंटा. शेजारच्या काकूंची आता गरज उरली नाही.

आणि त्यातून जन्माला आला आपला राष्ट्रीय खेळ, मिस कॉल. "ठाणे सोडलं की मिस कॉल दे, मी भात लावते." एक पैसा खर्च न करता पूर्ण निरोप. ही भाषा कोणी शिकवली नाही, दराने शिकवली.

पुढच्या गोष्टी भराभर सांगतो. २००५ मध्ये मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातला फोन राज्याच्या आतला धरला जाऊ लागला. १ मार्च २००६ ला सरकारी कंपन्यांनी देशभर मिनिटाला एक रुपया केला. २००९ मध्ये टाटा डोकोमो सेकंदाला एक पैसा घेऊन आली, आणि तीन मिनिटांचं मीटर सेकंदावर आलं. रात्रीच्या पाव दराची रांग कुठल्या दिवशी संपली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरचं इंटरनेट मागेच राहिलं

मग घराचं काय? जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड आलं. ठाण्याला एमटीएनएलचं ट्रायबँड, डोंबिवलीला बीएसएनएलचं डेटावन. फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालायला लागलं. मिनिटांचं मीटर गेलं, पण एमबीचं आलं. बीएसएनएलच्या एका लोकप्रिय प्लॅनमध्ये पहाटे २ ते ८ हवं तेवढं फुकट होतं. कॉलेजची पोरं २ चा गजर लावून डाउनलोड सुरू करायची आणि पुन्हा झोपायची. बघा, एसटीडीचा पाव दर पुन्हा आलाच की, वेष बदलून!

पण तोवर लोकांचा कल ठरला होता. लँडलाइनची संख्या २००५-०६ च्या सुमारास, पाच कोटींच्या आसपास, शिगेला पोचली आणि मग उतरायला लागली. नवं जोडपं टिटवाळ्याला, घोडबंदर रोडला घर घ्यायचं, तेव्हा लँडलाइनचा अर्जच करायचं नाही. घरात तारच नाही, तर तारेवरचं इंटरनेट कुठून येणार? गच्चीवरून वायर टाकणारा केबलवाला हाच बऱ्याच इमारतींचा आधार होता.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये याची किंमत कळली. वन रूम किचनमध्ये दोन मुलांची ऑनलाइन शाळा, वडिलांचं काम, आणि घरात एकच स्मार्टफोन. खिशात इंटरनेट होतं, घरात नव्हतं. आपण मोबाइलचं दार उघडलं आणि दुसरं दार बरीच वर्षं विसरलो.

आणि आता

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, तेही आपल्याच पट्ट्यातून, घणसोलीहून. बोलणं फुकट, डेटा जवळपास फुकट. मिनिटं, सेकंद, एमबी मोजणारं मीटर गेलं आणि दिवस मोजणारं आलं. २८ दिवसांचा महिना. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज.

आणि २०१८ च्या अखेरीस एक गोष्ट फार आवाज न होता घडली. मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला, २८ दिवसांना ३५ रुपये. तो नाही केला तर काही दिवसांनी इनकमिंग बंद. जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेलचं २८ दिवसांचं सर्वात साधं पॅक १७९ वरून १९९ रुपयांवर गेलं. तेराने गुणा, वर्षाला २,५८७ रुपये.

कंपन्यांची बाजूही आहे. टॉवर, स्पेक्ट्रम, कर्ज, आणि नुसतं इनकमिंग घेणाऱ्या ग्राहकाकडून त्यांना फारसं मिळत नाही. मान्य. पण २००३ मध्ये जो माणूस पहिल्यांदा फोनच्या जगात आला, तो याच दारातून आला होता. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या मावशींना डेटा नको असतो. त्यांना एवढंच हवं असतं की कोणी कामाला बोलावलं तर घंटा वाजावी. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं पॅक द्यायला सांगितलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तशी पॅकं आली. आपल्या घरातल्या आजींच्या साध्या फोनवर कोणतं पॅक चाललंय, एकदा बघा. त्या न वापरलेल्या डेटाचे पैसे भरत असण्याची शक्यता बरीच आहे.

आपण 'अनलिमिटेड' म्हणतो, तेव्हा मीटर गेलेलं नसतं, त्याने मोजायची वस्तू बदललेली असते. पुढचा नवा प्लॅन आला की किमतीबरोबर तेवढं तपासा. काय मोजतायत आणि इनकमिंगचे पैसे कोण देतंय.

आणि एक काम. घरच्या कपाटात जुनं टेलिफोन बिल, फोनची डायरी किंवा ९५२५१ छापलेलं एखादं कार्ड सापडलं तर आई-बाबांना त्याची गोष्ट विचारा. भन्नाट काही निघालं तर मला व्हॉइस नोट पाठवा. फुकट आहे. निदान २८ दिवस तरी.

भेटू पुढच्या भागात!